सौजन्य यंत्राकडे सोपवता येते का?

वैद्यकीय व्यवसायात पदार्पण करून मला यंदा छत्तीस वर्षे पूर्ण झाली. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर रामबागेजवळ मी लहानसा दवाखाना थाटला आणि आजही तेथेच बसतो. माझ्याकडे येणाऱ्यांत तीन-चार पिढ्यांपासून इंदुरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत, सांवेर-देपालपूरकडचे माळवी शेतकरी आहेत आणि कापड बाजारातील व्यापारीही आहेत. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपला व्यवसाय’ या विषयावर लिहिण्याची सूचना केली, तेव्हा प्रथम मी नकारच देणार होतो. संगणकशास्त्रातील कोणताही अधिकार माझ्याकडे नाही. परंतु माझ्याच दवाखान्यात घडलेल्या एका प्रसंगाने मला या विषयाचा विचार करण्यास भाग पाडले. तो प्रसंग मला भूषणावह नाही. तरीही व्यवसायबंधूंना त्याचा उपयोग होईल या अपेक्षेने आरंभी तोच सांगतो.

एक संदेश

माझ्याकडे सत्तावीस वर्षे काम करणारे कंपाउंडर २०२३ मध्ये निवृत्त झाले. कोणाच्या घरी मुलीचे लग्न ठरले, कोणाचा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला गेला, कोणाच्या घरी वाईट घडले, हे सारे त्यांना तोंडपाठ असे. एखादा रुग्ण दगावला की त्याच्या फाइलवर ते पेन्सिलने एक आडवी रेघ ओढीत आणि त्या घरी पुन्हा तपासणीची आठवण करून देणारा फोन जात नसे. त्यांच्या जागी तसा माणूस मिळेना, म्हणून २०२४ च्या प्रारंभी मी नोंदी ठेवणारे नवे सॉफ्टवेअर बसवून घेतले. रुग्णाची माहिती वाचून ते स्वतःच मराठीत वा हिंदीत संदेश तयार करी आणि रुग्णाच्या मोबाइलवर पाठवी. पहिले काही महिने मी अत्यंत समाधानी होतो. संदेशांची भाषा माझ्या भाषेपेक्षा गोड होती.

त्याच वर्षी माझे बावीस वर्षांचे जुने रुग्ण, एक निवृत्त शिक्षक, मध्यरात्री अकस्मात वारले. फोन येताच मी त्यांच्या घरी गेलो; परंतु प्राण आधीच गेला होता. मृत्यूचा दाखला मीच लिहून दिला. दवाखान्यातील नोंदीत मात्र मी काहीच लिहिले नाही, कारण तसे लिहावे लागते हे माझ्या ध्यानातच आले नाही. पंधराव्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर संदेश गेला : “नमस्कार! आपल्या आरोग्याची आम्हाला मनापासून काळजी आहे. आपली मधुमेहाची तपासणी राहून गेली आहे. निरोगी व आनंदी आयुष्यासाठी आजच वेळ निश्चित करा.” खाली माझे नाव होते.

त्यांच्या पत्नीने तो मोबाइल चालू ठेवला होता. त्यांनी उत्तर लिहिले : “डॉक्टर, हे गेले. त्या रात्री तुम्हीच आला होतात.” त्यावर सॉफ्टवेअरने तत्काळ कळवले : “प्रतिसादाबद्दल धन्यवाद! वेळ निश्चित करण्यासाठी १ पाठवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सारे मी वाचले. खोटे कशाला सांगू, प्रथम मी त्याच सॉफ्टवेअरला क्षमापत्राचा मसुदा करण्यास सांगितले. क्षणार्धात मसुदा समोर आला. त्यात एकही शब्द उणा नव्हता आणि एकही अधिक नव्हता. मी स्वतः लिहिले असते, तर इतके चांगले लिहू शकलो नसतो. तरीही तो पाठवण्याचे धैर्य मला झाले नाही. संध्याकाळचा दवाखाना लवकर बंद करून मी त्यांच्या घरी गेलो आणि हात जोडून क्षमा मागितली. काकू म्हणाल्या, “अहो, मशीनच ते, त्याला काय कळणार? पण खाली नाव तुमचं होतं.”

त्यापुढे आमचे जे बोलणे झाले ते लेखाच्या शेवटी सांगेन. तत्पूर्वी तो निर्दोष मसुदा मला का पाठववला नाही, या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करू.

यंत्र नम्र कसे बोलते?

संगणकाने माणसाशी सहानुभूतीने बोलण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग डॉक्टरच्याच नावाने झाला, हे अनेकांना ठाऊक नसेल. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा संगणकीय कार्यक्रम जाहीर केला. त्यातील मनोविकारतज्ज्ञाची नक्कल करणाऱ्या भागाचे नाव ‘डॉक्टर’ असे होते. रुग्णाचेच वाक्य उलटवून त्यातून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची युक्ती. ‘मला आईची आठवण येते’ असे लिहिले की तो घरच्या माणसांविषयी विचारी. वायझेनबॉम यांनी नंतर लिहून ठेवले आहे की, हा कार्यक्रम तयार होताना पाहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीनेही त्याच्याशी बोलू लागल्यावर त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. यंत्राला काही समजत नाही हे ठाऊक असूनही माणूस त्याच्यापुढे मन मोकळे करतो, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि पुढे या विद्येचे कठोर टीकाकार बनले.

आजची यंत्रे एलायझाच्या कितीतरी पुढे गेली आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि सामान्य माणसाला या शक्तीचा प्रथमच परिचय झाला. त्याचे तत्त्व ढोबळमानाने असे सांगता येईल : कोट्यवधी पानांचा मजकूर वाचून यंत्र कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे शिकते. नंतर माणसे त्याची उत्तरे पडताळून कोणते उत्तर अधिक पसंत ते सांगतात आणि तशी उत्तरे देण्याकडे त्याचा कल वळवला जातो. याचा अर्थ असा की, यंत्राच्या मुखातील नम्र शब्द आपलेच आहेत. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी एकमेकांना लिहिलेल्या सांत्वनाचा तो प्रतिध्वनी आहे.

पसंतीवर वळण लावण्याच्या या पद्धतीत एक धोकाही आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या निर्मात्या कंपनीला आपली एक सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण यंत्र वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावू लागले होते. खुशामत आणि सौजन्य यांत भेद असतो. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक द्याच असा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला ते न देणे आणि का देत नाही हे शांतपणे समजावणे, हेही सौजन्यच आहे. किंबहुना अधिक कठीण प्रतीचे सौजन्य आहे.

आपल्याला अप्रिय वाटेल असा निष्कर्ष

येथपर्यंत वाचून ‘यंत्र ते यंत्रच’ असे म्हणत समाधान मानण्याचा मोह होईल. मलाही झाला होता. परंतु २०२३ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास आपले समाधान टिकू देत नाही. इंटरनेटवरील एका सार्वजनिक व्यासपीठावर लोकांनी विचारलेले १९५ वैद्यकीय प्रश्न संशोधकांनी घेतले. त्यांना खऱ्या डॉक्टरांनी दिलेली उत्तरे आणि चॅटजीपीटीची उत्तरे शेजारी ठेवून, कोणते कोणाचे हे न सांगता, वैद्यकीय व्यावसायिकांकडूनच त्यांचे मूल्यमापन करून घेतले. ७८.६ टक्के मूल्यमापनांत यंत्राचे उत्तर सरस ठरले. सहानुभूतिपूर्ण किंवा अत्यंत सहानुभूतिपूर्ण अशी गणना झालेली उत्तरे डॉक्टरांची ४.६ टक्के होती, तर यंत्राची ४५.१ टक्के.

या अभ्यासाच्या मर्यादा उघड आहेत. ते डॉक्टर विनामूल्य, आपल्या फुरसतीत, अपरिचित माणसांना उत्तरे देत होते. त्यांची उत्तरे सरासरी ५२ शब्दांची होती आणि यंत्राची २११ शब्दांची. शिवाय निवाडा रुग्णांनी दिलेला नव्हता. तरीही त्यातून मिळणारा धडा नाकारता येणार नाही. घाईने बोललेला माणूस आणि कधीच घाईत नसलेले यंत्र यांची तुलना झाली, तर शब्दांच्या पातळीवर आपण हरणार आहोत. म्हणून ‘आम्ही माणसे आहोत’ एवढ्याच भांडवलावर यापुढे आपला व्यवसाय चालेल, अशी कल्पना करू नये.

आपल्या घाईचेही मोजमाप झालेले आहे. १९८४ साली अमेरिकेत बेकमन व फ्रँकेल या संशोधकांनी ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला अडवीत होते. केवळ २३ टक्के भेटींत रुग्णाला आपले प्रास्ताविक पूर्ण करता आले. आपल्याला भीती वाटते की, अडवले नाही तर रुग्ण थांबणारच नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ती भीतीही तपासून पाहिली गेली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३३५ रुग्णांना न अडवता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदांत स्वतःहून थांबले. ७८ टक्के रुग्णांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत संपले. दीड मिनिट मौन पाळणे आपल्याला का जमू नये?

अर्थात, परिस्थितीचा विचार केला पाहिजे. २०१७ साली ६७ देशांची माहिती एकत्र करून केलेल्या एका पाहणीत प्राथमिक सेवेतील डॉक्टर-रुग्ण भेटीचा कालावधी बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळला. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत बसलेल्या तरुण डॉक्टरला स्वीडनचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. परंतु वेळ कमी आहे म्हणूनच तो कसा वापरायचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

सौजन्य म्हणजे नेमके काय?

२००८ साली मायकेल कान या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने एक छोटा, परंतु मार्मिक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, तरुण डॉक्टरच्या अंतःकरणात करुणा निर्माण करणे कठीण आहे. शिष्टाचार शिकवणे मात्र शक्य आहे. त्यासाठी त्यांनी रुग्णालयातील पहिल्या भेटीची यादीच दिली : खोलीत येण्याची परवानगी मागा आणि उत्तराची वाट पाहा; आपले नाव सांगून ओळखपत्र दाखवा; हस्तांदोलन करा; बसा; उपचारांत आपले काम कोणते ते थोडक्यात सांगा; आणि रुग्णालयात राहताना कसे वाटते आहे ते विचारा.

ही यादी वाचताना मला चरकसंहितेचे स्मरण झाले. विमानस्थानात आचार्य शिष्याला व्यवसायाची दीक्षा देताना सांगतात की, रुग्णाच्या घरी जाताना त्या घरी परिचित व प्रवेशाची अनुमती असलेल्या माणसाबरोबर जावे, नीटनेटक्या वेषात व मान लववून प्रवेश करावा, आत गेल्यावर मन व वाणी रुग्णाखेरीज अन्यत्र गुंतवू नये आणि त्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत. दोन्ही उपदेशांत शतकानुशतकांचे अंतर आहे, परंतु पहिली पायरी एकच आहे : दाराशी थांबून अनुमती घेणे. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर या तरुण डॉक्टरला कर्करोग झाला. रुग्ण म्हणून खाटेवर पडल्यावर त्यांच्या लक्षात आले की, उपचार करणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःचे नावसुद्धा सांगत नाहीत. २०१३ साली त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. २०१६ साली त्यांचे निधन झाले, पण ती चळवळ देशोदेशी पसरली.

साध्या कृतीचे फळ किती मोठे असते, याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या १२० रुग्णांना भेटताना डॉक्टर कधी उभे राहिले, कधी बसले. २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उभ्याने भेट सरासरी १ मिनिट २८ सेकंद चालली, ती रुग्णांना ३ मिनिटे ४४ सेकंदांची वाटली. बसून केलेली भेट प्रत्यक्षात लहान, १ मिनिट ४ सेकंदांची होती, परंतु रुग्णांना ती ५ मिनिटे १४ सेकंदांची वाटली. खुर्ची ओढून बसण्याला पैसा लागत नाही.

व्यावहारिक बाजूही विसरून चालणार नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आपली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली, तेव्हापासून आपण सारेच या बाबतीत हळवे झालो आहोत. १९९७ साली अमेरिकेत वेंडी लेव्हिन्सन व सहकाऱ्यांनी, दावे दाखल झालेल्या व न झालेल्या डॉक्टरांच्या भेटी ऐकून तुलना केली. प्राथमिक सेवेतील डॉक्टरांत दावे न झालेले डॉक्टर पुढे काय होणार हे रुग्णाला आधी सांगत, त्याला बोलते करीत आणि त्याच्याबरोबर हसतही. त्यांच्या भेटी सरासरी १८.३ मिनिटांच्या होत्या, इतरांच्या १५ मिनिटांच्या. शल्यचिकित्सकांत असा फरक आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

कापड बाजाराचा धडा

आपल्या क्षेत्राला आपण ‘वैद्यकीय व्यवसाय’ म्हणतो. तेव्हा इतर व्यवसायांत काय चालले आहे, ते पाहण्यात कमीपणा नाही. स्वीडनमधील क्लार्ना या कंपनीने २०२४ च्या प्रारंभी जाहीर केले की, ग्राहकांना उत्तरे देणारे त्यांचे यंत्र सातशे माणसांचे काम करीत आहे. २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखांनी सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य केले आणि ग्राहकाला हवे तेव्हा माणसाशी बोलता यावे म्हणून पुन्हा माणसे नेमण्यास सुरुवात केली. कॅनडात आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका उतारूला विमान कंपनीच्या बोलक्या यंत्राने सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. ते यंत्र आपल्या वागण्याला स्वतंत्रपणे जबाबदार आहे, असाही बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई देण्यास सांगितले. ‘खाली नाव तुमचं होतं’ हे काकूंचे वाक्य म्हणजे याच निकालाचे सार होते.

परंतु मला खरा धडा मिळाला तो आमच्या इंदूरच्या कापड बाजारातील एका व्यापाऱ्याकडून. हे शेठजी रक्तदाबासाठी माझ्याकडे येतात. वरील प्रसंगानंतर मी त्यांना विचारले की, तुमच्याकडेही आता सारे मोबाइलवर चालते, मग गिऱ्हाईक टिकते कसे? ते म्हणाले, “डॉक्टरसाहब, माल पहुँच गया, ये खबर मशीन दे दे तो चलेगा. माल नहीं पहुँचेगा, ये फोन मैं खुद करता हूँ.”

माझ्या मते या विषयातील सर्व व्यवहारज्ञान या दोन वाक्यांत आले आहे. नित्याचा, सुखाचा निरोप यंत्राने न्यावा. उशीर, नकार, चूक, दुःख आणि क्षमायाचना यांचा निरोप माणसाने स्वतः न्यावा. कारण या प्रसंगी समोरच्याला केवळ माहिती नको असते. त्याचा राग आणि त्याचे प्रश्न झेलायला कोणीतरी समोर हवे असते. क्षमा मागणाऱ्याला काहीतरी सोसावे लागते : मान खाली घालावी लागते, उंबऱ्यावर क्षणभर थबकावे लागते, समोरून काय ऐकावे लागेल याची खात्री नसते. यंत्राला यातले काहीच सोसावे लागत नाही. म्हणून त्याचा निर्दोष मसुदा पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही.

आपल्या जुन्या मराठी पत्रव्यवहारात हा विवेक होता. थोरांना, बरोबरीच्यांना व धाकट्यांना लिहिण्याचे मायने वेगळे असत. अशुभ वार्तेच्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत आणि वाचून झाल्यावर ते पत्र फाडून टाकीत. पत्राचे रूपच सांगे की, लिहिणाऱ्याला प्रसंगाची जाण आहे. आमच्या सॉफ्टवेअरला वाढदिवस आणि तेरावा यांसाठी एकच साचा होता. आपली भाषाही या बाबतीत सूक्ष्म आहे. माझ्या दवाखान्यात एकाच तासात कोणाला ‘आजी, या’ म्हणावे लागते, कोणाला ‘आपण बसावे’, कोणा शाळकरी मुलाला ‘काय रे, दुखतंय का?’ आणि माळवी शेतकऱ्याला ‘दाजी’. ‘प्रिय रुग्ण’ अशी सुरुवात व्याकरणाने शुद्ध असेल, पण तिच्यात नाते नाही. परप्रांतात राहून ज्यांनी आपली भाषा घरात व दवाखान्यात जपली, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

काही व्यावहारिक सूचना

यंत्राला दवाखान्याबाहेर ठेवावे असे मला सुचवायचे नाही. क्षयरोगाच्या चाळणी तपासणीत छातीचे एक्स-रे वाचण्यासाठी संगणकीय साहाय्य घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील वयोगटासाठी केली आहे. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर होणारा परिणाम छायाचित्रावरून ओळखणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. जेथे नेत्रतज्ज्ञ पोचत नाही, तेथे अशी साधने वरदान ठरू शकतात. आपल्याकडे मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांत मर्यादाही स्पष्ट केली आहे : यंत्र डॉक्टरला साहाय्य करू शकते, परंतु रुग्णाला स्वतःहून सल्ला देण्याचा किंवा औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०२३ मध्ये या विषयावर नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्या चौकटीत राहून माझ्या दवाखान्यात मी पुढील पथ्ये पाळतो.

१. तपासणीची वेळ, उपाशीपोटी येण्याची सूचना, नियमित आठवण हे निरोप यंत्र देते. परंतु रोजची यादी पाठवण्यापूर्वी एक माणूस डोळ्यांखालून घालतो.

२. मृत्यूची वार्ता कळताच त्याच दिवशी नोंद केली जाते. कंपाउंडरांच्या पेन्सिलच्या रेघेची जागा आता ही नोंद घेते, आणि ती मी स्वतः करतो.

३. गंभीर निदान, काळजी करण्याजोगा रिपोर्ट आणि आमच्याकडून झालेली चूक संदेशाने कळवली जात नाही. मी फोन करतो किंवा बोलावून घेतो.

४. यंत्राने लिहिलेल्या निरोपाखाली माझे नाव नसते. ‘दवाखान्याच्या संगणकाकडून’ असे स्पष्ट लिहिलेले असते आणि प्रत्यक्ष बोलण्यासाठी क्रमांक दिलेला असतो.

५. रुग्ण बोलत असताना मी पडद्याकडे पाहत नाही. पहिले दीड मिनिट त्याचे. संभाषण ऐकून यंत्र टिपण करणार असेल, तर आधी तसे सांगून संमती घेतो.

६. रुग्णाने यंत्राला विचारून आणलेली माहिती मी हसण्यावारी नेत नाही. तो घाबरला होता म्हणून त्याने विचारले. प्रथम त्या भीतीला उत्तर देतो, मग माहितीतील चूक दाखवतो.

यांतील काहीही नवीन नाही. नवीन एवढेच की, लेखनकाम यंत्राने उचलल्यामुळे माझे दिवसाकाठी काही वेळ वाचू लागले आहे. त्या वेळात आणखी चार रुग्ण तपासावेत, की समोरच्या रुग्णाजवळ थोडे अधिक बसावे, हा निर्णय कोणतेही यंत्र आपल्यासाठी घेणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने वैद्यकीय व्यवसाय अधिक माणुसकीचा होईल की अधिक यांत्रिक, हे मुख्यतः या एका निर्णयावर अवलंबून आहे, असे मला वाटते.

समारोप

आता काकूंच्या घरच्या त्या संध्याकाळकडे वळतो. क्षमा मागून मी उठणार होतो, तेवढ्यात त्यांनी विचारले, “डॉक्टर, त्या संध्याकाळी ह्यांना एकदम घाम फुटला होता. छातीत दुखत नाही म्हणाले. मी पंखा लावला आणि पडा जरा म्हटलं. तेव्हाच तुम्हाला फोन केला असता, तर वाचले असते का?”

गेले पंधरा दिवस त्या हा प्रश्न घेऊन बसल्या होत्या. मुलांना विचारता येत नव्हता आणि ‘१ पाठवा’ म्हणणाऱ्या यंत्रालाही विचारता येत नव्हता. मी पुन्हा बसलो. मी त्यांना सांगितले की, कदाचित उपयोग झाला असता, कदाचित नसता. आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. परंतु मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा पुष्कळदा छातीत दुखतच नाही, नुसता घाम येतो, थकवा वा दम लागतो, हे घरच्यांना समजावून सांगणे माझे काम होते. बावीस वर्षांत मी ते त्या दोघांना नीट सांगितले होते की नाही, हे मला आठवत नव्हते. मी तसेच सांगितले. चूक असलीच, तर ती पंखा लावणारीची नव्हती.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन त्यांनी फ्रिजमधील उरलेल्या इन्सुलिनच्या कुप्या आणून दाखवल्या आणि कोणा गरजूला देता येतील का असे विचारले. उघडलेल्या कुप्या टाकून द्याव्यात आणि न उघडलेल्यांचे काय करायचे ते मी पाहतो, असे मी सांगितले. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “माझंही ब्लडप्रेशर बघायचं आहे. येईन सोमवारी.”

त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या पत्नीला वा पतीला आत बोलावून, खुर्चीवर बसवून, घामाची ती गोष्ट मी सांगतो. त्यास साधारण तीन मिनिटे लागतात. टिपणे लिहिण्यातून यंत्राने मला जी मिनिटे वाचवून दिली, त्यांतलीच ही तीन. आपणही आपापल्या दवाखान्यात अशी तीन मिनिटे शोधावीत, एवढीच माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना नम्र विनंती आहे.